पहिला घाव घनाचा

फोन आला तेव्हा मी बोरसीच्या शाळेत इंग्रजीचा तास घेत होते. "मोठेबाबा गेले," चुलतभाऊ एवढंच म्हणाला. मी तास पूर्ण केला. लोकांना ते विचित्र वाटलं, वाटू दे. मोठेबाबांना अर्धवट टाकलेलं काम खपत नसे.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात आलेले. सारा जन्म पोलादाच्या प्लांटमधल्या फोर्ज शॉपमध्ये, तापल्या लोखंडावर घन मारण्यात गेला. इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि माझे उच्चार घडवले ते त्यांनीच.

शिक्षिकेच्या नोकरीच्या मुलाखतीत मी दोनदा नापास झाले होते. वाचन सपाट, म्हणे. वयाची मर्यादा संपत आलेली, तिसरी खेप शेवटची. खुर्सीपारच्या घरी ओट्यावर बसून मी इंग्रजी जोडशब्द घोकत होते. मोठेबाबा ऐकत होते. "सारेच घाव सारखे कावून मारून राहिली तू?" शब्दकोशात जोर कुठे द्यायचा ते दाखवणारी बारीक उभी रेघ असते, ती मी त्यांना दाखवली. ते उठले आणि आतून हातोडी नि रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेऊन आले. त्या तुकड्यावर आमच्याकडे नारळ फुटायचा. 'क्लासरूम' म्हटलं की 'क्लास'वर दणका, 'रूम'वर नुसती टिचकी. 'न्यूजपेपर'ला एक दणका, दोन टिचक्या. रोज संध्याकाळी हेच. शेजारी हसायचे, मग मी मोठेबाबांवरच चिडायचे, "तुमाले इंग्रजी येते तरी काय?"

"नाही येत, पोरी. पन वजन समजते."

मुलाखतीत मी टेबलाखाली पायाच्या अंगठ्यानं ठोके देत वाचलं. साहेब खूश झाले, इतकं छान कोणी शिकवलं म्हणाले. मी कॉलेजचं नाव सांगितलं… अजून लाज वाटते. घरी मोठेबाबा जिलेबी घेऊन बसलेले. "इचारलं काय कोनी, कोनं शिकवलं म्हून?"

"नाही विचारलं."

"जाऊ दे. घाव बसला नं बरोबर." आणि त्यांनी जिलेबी पुढे केली.

तेरवीनंतर मी तो रुळाचा तुकडा मागून आणला. आता तो वर्गात माझ्या टेबलावर असतो. परवा पोरं बाकांवर ठोके देत 'प्लेग्राउंड' म्हणत होती, तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ये आपको किसने सिखाया?"

निम्म्या वर्गाचे बाप प्लांटमध्ये. मी खडू खाली ठेवला.

"मेरे मोठेबाबा ने," मी म्हणाले. "फोर्ज शॉप में घन चलाते थे."