मिठाचा पिवळा जाळ

आमचं गाव किन्हीराजाजवळ. ताईची शाळा सातवीतच सुटली आणि मला मात्र वाशीमला मामांकडे ठेवून शिकवलं. हुशार ती आणि शाळेत मी, असा सगळा न्याय. म्हणून सुट्टीत घरी आले की मास्तरांनी शिकवलेलं तिला सांगायचं, हा तिचा हुकूमच होता.

अणू तिनं खळ्यावर, मळणी चालू असताना समजून घेतला. मधे केंद्रक, भोवती ठरलेल्या कक्षांत इलेक्ट्रॉन. पहिल्या कक्षेत दोनच मावतात, ती भरली की पुढच्यांनी बाहेरची धरायची. ताईनं लगेच मेढीभोवती फिरणारे बैल दाखवले. मीही शाळेत तेच सांगून हसं करून घेतलं होतं. बैल एका दाव्यात असतात, इलेक्ट्रॉनला दावं नसतं. शक्ती मिळाली की तो वरच्या कक्षेत जातो, मधे कुठे थांबत नाही, आणि आपल्या जागी परतताना ती शक्ती उजेड म्हणून टाकतो. मास्तरांनी स्पिरिटच्या दिव्याच्या निळ्या जाळावर मीठ धरून पिवळा जाळ दाखवला होता, तो उजेड हाच.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, आसेगावला. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा पार रोडावली होती. मायनं मीठ-मोहऱ्या तिच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. निखाऱ्यांवरचा निळसर जाळ पिवळाजर्द झाला. केवढी नजर लागली पोरीले, असं माय पुटपुटली.

ताई हसली. "नजर नाई व माय. थे आपल्या जागी वापस येऊन राह्यलं."

मग मिठातला इलेक्ट्रॉन, त्याचं जागी परतणं, त्याचा पिवळा उजेड, सगळं शास्त्र तिनं मायला समजावलं, माझ्यापेक्षा नीट. माय नुसती मान डोलवत होती. तिच्या डोक्यावरून गेलं असं मला वाटलं.

पुढच्या दिवाळीला बाबा बैलगाडी घेऊन ताईला आणायला गेले आणि रिकामी गाडी घेऊन आले. सासूनं पाठवलं नाही. मला इतका राग आला की मी जेवले नाही. तिच्याशिवाय ते घर मला घर वाटेना. आजही दिवाळी आली की जीव तसाच कासावीस होतो.

संध्याकाळी मायनं मीठ-मोहऱ्यांची मूठ घेतली, दारात उभी राहून आसेगावच्या वाटेकडे ओवाळली आणि चुलीत टाकली. जाळ पिवळा झाला. तो पुन्हा निळसर होईपर्यंत ती बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"आली का व थे आपल्या जागी?"