पेरूच्या किनाऱ्यावरच्या बायका

सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये भाईंदरच्या शाळेत मी सातवीला भूगोल शिकवत होते. नकाशावर तांबडे बाण म्हणजे उष्ण प्रवाह, निळे म्हणजे थंड. मुलं घडाघडा पाठ म्हणायची. तेव्हा पेपरात रोज 'एल निनो' असायचं. एका मुलीनं विचारलं, "बाई, पेरूजवळचं पाणी तापलं तर आपला पाऊस का कमी होईल?" मी पुस्तकातलं वाक्यच परत म्हटलं. तिनं ते वहीत उतरवलं, पण तिला कळलं नव्हतं, आणि मलाही सांगता आलं नव्हतं.

खारीगावातून एक मावशी आमच्या बिल्डिंगीत सुके बोंबील घेऊन यायच्या. त्या दिवशी मी बोलता बोलता त्यांना म्हटलं, "मावशी, लांब एका देशात समुद्र तापलाय. मासेच गेले तिथले."

त्यांनी पाटी खाली ठेवली. "मंग तिथल्या बाया काय इकत असतील?"

हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. मी त्यांना पाणी दिलं आणि पेपर वाचून दाखवला. वारा मंदावल्याचं ऐकताच त्या म्हणाल्या, "तेच तर! वारं वरचं पाणी ढकलतं, तवा खालचं गार पाणी वर येतं. माशांचं खाणं त्यातच हाय."

"शाळेत येऊन सांगाल?"

"मी? मला लिवता येत न्हाय."

तरी शनिवारी आल्या, नवं लुगडं नेसून. परातीत पाणी घेतलं, वर हळद भुरभुरली आणि एका बाजूनं फुंकर मारली. हळद पलीकडच्या काठाला गोळा झाली. फुंकर थांबली तशी ती पसरत परत आली. मी म्हटलं, "ही हळद म्हणजे ऊन पाणी, फुंकर मारली ती बाजू पेरूची, पलीकडचा काठ आपल्याकडचा. वारा थांबला की ते पेरूकडे परततं, ढगही त्याच्यामागे जातात. मग आपल्या वाट्याला कमी येऊ शकतात." ती मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, आता कळलं!" मावशी पदरात तोंड लपवून हसल्या.

पुढे त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ऑगस्टमध्ये मावशी दारात म्हणाल्या, "बाई, तुमचा पेपर खोटा पडला!"

"एकटा पेरूचा समुद्र सगळं ठरवत नाही, मावशी. पावसाला हात देणारा आपलाही समुद्र आहे."

"हाय ना," त्या म्हणाल्या, "त्यालाबी इचारायचं होतं." वर्गात मी हे त्यांच्याच शब्दांत सांगितलं.