सोळाशे बहात्तरमधले दहा दिवस

"सदतीस पत्रं काढून टाक," मार्टाइन म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी उद्घाटन आहे. चुकीचा डेटा स्क्रीनवर नको."

मार्टाइन माझा प्रोजेक्ट मॅनेजर. मी डेटा इंजिनिअर, म्हणजे माहितीची हमाल. इकडची माहिती उचलायची, साफ करायची, तिकडे नेऊन रचायची. त्या वर्षी आमच्या कंपनीला एका संग्रहालयाचं काम मिळालं होतं. भिंतभर टचस्क्रीन, आणि तिच्यावर एकच वर्ष: १६७२. तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी देशात काय घडलं ते उघडणार.

डच लोक त्या वर्षाला आपत्तीचं वर्ष म्हणतात. फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन संस्थानं एकदमच अंगावर आली. फ्रेंचांना अडवायला ह्यांनी स्वतःच बांध फोडून स्वतःची शेतं बुडवली. हेगमध्ये जमावाने दोन मोठ्या राजकारणी भावांना भर रस्त्यात ठार मारलं. आज सिग्नल हिरवा होईपर्यंत रिकाम्या रस्त्यावर थांबणारी ही माणसं, मला तर खरंच वाटेना!

राजे आणि सेनापतींचा डेटा तयार होता. गोम होती ती साध्या माणसांच्या पत्रांत. ती मेनेर, म्हणजे श्रीयुत, हुक्स्त्रा यांनी उतरवून काढली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शाळामास्तर, मूळचे उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांताचे. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मला काही ते जमलं नाही. नऊ वर्षं ते दर बुधवारी संग्रहालयात येऊन भिंगाखाली जुनं अक्षर लावत होते. पगार शून्य. मोबदला एवढाच, की स्क्रीनच्या शेवटी त्यांचं नाव येणार होतं.

बहुतेक पत्रं एका जोडप्याची. नवरा डाउव, सुतार, बुडवलेल्या शेतांजवळ हॉलंड प्रांताच्या सैन्यात चाकरीला. बायको ट्राइन्त्या, मागे फ्रीसलंडमध्ये. पत्रं होडीने जायची, चार-पाच दिवस लागायचे.

मी नेहमीप्रमाणे एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे तपासणी करणारा छोटा प्रोग्राम. नियम साधा: पत्राचं उत्तर पत्राच्या आधीचं असू शकत नाही. स्क्रिप्टने सदतीस पत्रं बाहेर फेकली. नवऱ्याचं पत्र चौदा ऑगस्टचं आणि बायकोचं उत्तर नऊ ऑगस्टचं!

आणि मी काय केलं? अकरा लोकांना मेल ठोकली. "उतरवताना तारखांच्या गंभीर चुका झाल्या आहेत." गंभीर हा शब्द माझाच. मला घाई होती, आणि घाईत माझी जीभ फार चालते.

हुक्स्त्रांचं एका ओळीचं उत्तर आलं. "बाजूला लिहिलं आहे."

बाजूला म्हणजे कुठे? मी सगळा डेटा उलटापालटा केला, काही दिसेना. मार्टाइनने पत्रं काढायचा निर्णय कळवला, तेव्हा त्यांची दुसरी ओळ आली. "मग माझं नावही काढा."

आता खरं तर माझं काम झालं होतं. पण मला बसवेना. कॉफीच्या मशिनपाशी तीनदा जाऊन आले, एकदाही कॉफी घेतली नाही. रविवारी कापेल गावी घरी पोळ्या लाटताना तेच. नऊ वर्षं भिंग लावून बसणारा माणूस सदतीस वेळा चुकेल? आणि चुकला तर प्रत्येक वेळी बायकोच्याच पत्रात?

सोमवारी झुइडओस्ट भागातल्या आमच्या ऑफिसात जेवायला बसलो. समोर शुक्लाजी, आमचे लखनौचे टेस्टर. मी चिकनचा डबा पुढे केला, ते मागे सरकले.

"नहीं मैडम, सावन का सोमवार है."

"अहो, अभी कहाँ सावन? हमारा तो अगले हफ्ते लगेगा!"

"आपका अगले हफ्ते. हमारा तो पूनम के बाद ही लग गया."

हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. चंद्र एकच, दिवसही तोच, पण त्यांच्याकडे श्रावण आणि आपल्याकडे अजून आषाढ. दोघांपैकी कोणीच खोटं नाही. चिकनचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला.

डबा तसाच टाकून जागेवर धावले. संग्रहालयाकडून आलेली मूळ फाइल उघडली. साफ केलेली नाही, मूळ. शेवटी "शेरा" नावाचा एक कॉलम होता. माणसं त्यात मनाला येईल ते लिहितात, कॉम्प्युटरला ते पचत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी तो न वाचता उडवला होता. आमच्या धंद्यात सगळेच उडवतात. ट्राइन्त्याच्या प्रत्येक पत्रापुढे तिथे दोनच शब्द होते: जुनी पद्धत.

त्या काळी ह्या एवढ्याशा देशात दोन कॅलेंडरं चालायची. हॉलंडने नवं घेतलं होतं. फ्रीसलंड जुन्यावरच अडून होतं, आणि ते दहा दिवस मागे. म्हणजे ट्राइन्त्याचा नऊ ऑगस्ट हा डाउवचा एकोणीस. सगळी उत्तरं जागच्या जागी. चूक एकच, आणि ती माझी. मी सपशेल माती खाल्ली होती.

मार्टाइनकडे गेले. "पत्रं बरोबर आहेत. मी चुकले."

"सिस्टिम फ्रीज झाली आहे," तो म्हणाला. म्हणजे उद्घाटनाआधी आता कशालाही हात लावायचा नाही.

"दहा दिवस मिळवायचे आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत करते, शुक्लाजी टेस्ट करतील. नाहीतर एका म्हाताऱ्या माणसाला आपण विनाकारण खोटं पाडतोय."

"ठीक. आणि ती मेल? अकरा जणांना गेली होती ना?"

"त्याच अकरा जणांना दुसरी जाईल." ती लिहायला मला दोन तास लागले. पहिली पाच मिनिटांत लिहिली होती.

बुधवारी संग्रहालयात गेले. हुक्स्त्रा भिंग पुसत होते.

"मेनेर, मी तुमचा शेरा वाचलाच नाही. माफ करा."

"विचारलंही नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं. मी मान खाली घातली. मग त्यांनीच बाजूची खुर्ची ओढली. "हिची शेवटची तीन पत्रं बघितलीत?"

"ती कशाची उत्तरं नव्हती, म्हणून स्क्रिप्टने अडवली नाहीत."

"म्हणूनच म्हणतो." त्यांनी पलटणीच्या कारकुनाची, नव्या कॅलेंडरची नोंद दाखवली. डाउव दोन सप्टेंबरला तापाने गेला. ट्राइन्त्याच्या शेवटच्या पत्रावर तारीख एक सप्टेंबर. दहा दिवस मिळवले नसते तर माझ्या स्क्रीनवर ते त्याच्या मरणाच्या आदल्या दिवशी पडलं असतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, तिने वेळेत लिहिलं.

मी बोटांवर दहा मोजले. अकरा सप्टेंबर. आधीच्या दोन पत्रांचंही तेच. तिन्ही पत्रं तो गेल्यावर लिहिलेली.

"शेवटच्यात काय आहे?"

"छपराचं विचारते आहे. तू येऊन करशील, की दुसरा सुतार बोलावू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शुक्रवारी स्क्रीन चालू झाली. सदतीसच्या सदतीस पत्रं होती, हुक्स्त्रांचं नावही होतं. ते नावापाशी गेले नाहीत. अकरा सप्टेंबरवर बोट ठेवलं, पूर्ण वाचलं, आणि मला म्हणाले, "आता इथेही ती एकटी आहे. तेव्हा तशीच होती."

डेटा चुकला असं मी अजूनही म्हणते. पण आधी लिहिणाऱ्याला फोन करते.