जनावरांच्या दवाखान्यातला मे महिना

मी निमगाव केतकीच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते तेव्हाची गोष्ट. दहावीची परीक्षा संपली की निकाल लागेपर्यंत मुलं काय करतात, असं मी एकदा वर्गात विचारलं. मुलांनी क्रिकेट, मोबाईल, मामाचं गाव अशी उत्तरं दिली. मुली म्हणाल्या, घरची कामं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "काहीच न्हाय बाई. नुसती वाट बघायची."

ते वाक्य घेऊनच मी घरी गेले. ज्याला जे व्हायचं आहे, ते काम रोज कसं चालतं हे त्याने निदान महिनाभर जवळून पाहावं, असं माझ्या मनात आलं. आता याला इंटर्नशिप म्हणतात आणि बारामतीत त्याचे फलक लागतात. तेव्हा आमच्याकडे हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नव्हता.

सुरुवात मी लोणी देवकरच्या एमआयडीसीपासून केली. तिथल्या एका कारखान्याच्या साहेबांनी चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अठराच्या आतल्या मुलांना गेटच्या आत घेता येत नाही, कायदाच आहे. त्यांचं बरोबरच होतं. मग मी छोट्या जागा धुंडाळू लागले. डाळिंबाची रोपवाटिका, औषधांचं दुकान, फोटो स्टुडिओ, बारामतीतली माती तपासणारी प्रयोगशाळा. रविवारी एसटीने जायचं, ओळख काढायची, समजावून सांगायचं. मुलं मध्ये मध्ये येतील, ही सगळ्यांनाच धास्ती. तरी कुणी ना कुणी हो म्हणायचं. त्या उन्हातल्या फेऱ्या, स्टँडवरचं लिंबू सरबत आणि रिकाम्या बसच्या तापलेल्या खिडक्या आजही आठवल्या की बरं वाटतं.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गावाबाहेरच्या वस्तीवर तिचं घर. ऊस, दोन-चार गाई, एक म्हैस. अभ्यासात हुशार. लहानपणापासून ती डॉक्टर होणार असं सगळी भावकी धरून चालली होती. इंदापूरला जनावरांच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या. मोजकं बोलणाऱ्या, पण मनाने मोकळ्या. त्या लगेच तयार झाल्या.

अडलं ते वडिलांपाशी. नकार त्यांनी दिला नाही. पोरगी एकटी बसने जाणार नाही, मी सोडीन आणि मीच आणीन, एवढंच म्हणाले. पहिल्या दिवशी मीही गेले होते. लेकीला आत सोडून ते समोरच्या लिंबाखाली बसले. मी म्हटलं, आता तुम्ही जा, संध्याकाळी या. ते म्हणाले, "बसतो की. मला काय काम हाय घरी?" उन्हाळ्यात शेतकऱ्याला घरी काम नसतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढेही ते रोज तसेच बसू लागले. मुलगी मला फोनवर सांगायची, अण्णा सारखे खिडकीतून बघतात, मला लाज वाटते. बापलेकींमध्ये बोलणं असं फारसं नव्हतंच. जेवलीस का, पुस्तकं आणायचीत का, इथवरच. मग एकदा एक मारकी म्हैस आली. इंजेक्शन देताना जनावर बांधायचा तो लाकडी खोडा असतो, त्यात ती काही केल्या शिरेना. दवाखान्यातला माणूस एकटाच होता. वडील उठले, म्हशीच्या मानेखाली हात घालून तिच्याशी काहीतरी पुटपुटले आणि तिला अलगद आत नेऊन उभं केलं. त्या दिवसापासून मॅडम त्यांना हाक मारायच्या, "तात्या, जरा या." तात्या लिंबाखालून निघाले ते आतच राहिले.

इकडे लेकीचं वेगळंच चाललं होतं. एका अडलेल्या गाईची सुटका करताना मॅडमनी तिला जवळ उभं केलं, आणि रक्त पाहून ती तिथेच कोसळली. पहिल्यांदा होतं असं, म्हणून सगळ्यांनी समजूत घातली. पण पुन्हा तसंच झालं. रविवारी ती माझ्या घरी आली. पंख्याखाली बसली. मग म्हणाली, "बाई, मला हे जमणार न्हाय. जमलं तरी आवडणार न्हाय. अण्णांना कसं सांगू? ते तर रोज तितं राबत्यात."

मी तिच्याबरोबर वस्तीवर गेले. वाटेत मनाशी खूप वाक्यं जुळवली होती, पण एकही उपयोगी पडलं नाही. तिने दारातच वडिलांना सांगून टाकलं. ते कडबा तोडत होते. हातातलं काम थांबवून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग बरंच झालं की. आत्ताच कळलं. पाच वर्षं शिकून कळलं असतं म्हंजी?"

आत चूल पेटवत असलेली तिची आई बाहेर येऊन बघू लागली. मुलगी रडली, मग हसली. मी म्हटलं, आता जायचं नसेल तर मी मॅडमना सांगते. तर ती म्हणाली, महिना पुरा करणार. आत नाही, बाहेर बसेन.

आणि बाहेर बसल्यावर तिला तिचं काम सापडलं. लोक मॅडमसमोर माना डोलवायचे आणि व्हरांड्यात आले की एकमेकांना विचारायचे, काय म्हणाल्या त्या? औषध पाण्यातून की खाद्यातून? दूध घरात वापरायचं का? ही मुलगी आत जाऊन नीट विचारून यायची आणि त्यांच्या बोलीत समजावून सांगायची. कळंबहून आलेल्या एका म्हातारबाबांनी तिला तेच पुन्हा पुन्हा विचारलं आणि तिने तितक्याच वेळा सांगितलं, हे मी स्वतः पाहिलं. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी ती हीच का, असं मला वाटलं. येता-जाता मोटारसायकलवर बापलेक आता दिवसभराचं बोलत. कुठली गाय उठली, कुठली नाही, कोण काय म्हणालं. तिच्या आईने मला एकदा हसत सांगितलं, की जेवायला बसली तरी दोघांचं संपत नाही.

पुढे ती समाजकार्य शिकली. आता बारामतीच्या एका इस्पितळात असते. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणं, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना उमजेल असं सांगणं, हेच तिचं काम. मध्यंतरी माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीच माझ्या शेजारी येऊन बसली. मी विज्ञानाची शिक्षिका. तरी त्या दिवशी मला काही समजत नव्हतं. तिने सगळं सावकाश सांगितलं, मध्येच थांबून, मला कळलं का ते डोळ्यांत बघत.

मन निवल्यावर मी तिच्या वडिलांचं विचारलं. ती हसली. अण्णा अजून इंदापूरला गेले की दवाखान्यात डोकावतात. डॉक्टर मॅडमची बदली होऊन बरीच वर्षं झाली. नव्या डॉक्टरांनी विचारलं, तुमचं जनावर कुठं आहे? तर म्हणाले, "जनावर न्हाय आणलं. मी हितं शिकायला होतो."