पत्तीकाकांचा डबा

टपाल खात्याच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवणारे अकरा जण, पण त्यांच्या पत्त्यांचा कारभार एकट्या पत्तीकाकांच्या हाती. पत्ती म्हणजे नळीच्या वरच्या तोंडात बसवलेली बोरूची दुहेरी जिभली. ती थरथरली की वाद्य बोलतं. पत्रं वेगळी करण्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले काका बँडला मात्र अजून हवे होते. सूर चढला की ते पत्तीच्या बुडाला दोन वेढे दोरा गुंडाळून तिला जरा वर बसवत; फारच कडक असली तर बारीक कानशीने, लहान मुलाचे गाल पुसावेत तशी घासत.

पण महिनाभर काही कळेनासं झालं. संध्याकाळी जुळवलेली पत्ती सकाळी चिरकायची. काकांनी दोरा बदलला, डबा बदलला, दोऱ्यावर पेन्सिलने खुणा केल्या. खुणा जागच्या जागी, सूर मात्र भलतीकडेच! घासून घासून सात चांगल्या पत्त्यांचा भुगा झाला.

"कान गेले की डोकं गेलं, तेवढं सांग," ते बायकोला म्हणाले.

"दोन्ही शाबूत आहेत. जेवून घ्या," ती म्हणाली.

त्यांचं समाधान झालं नाही. शेवटी त्यांनी डबा उचलला आणि बँडप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. "आता दुसरा कुणी बघा. माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही."

घरी आले तर सून दारातच. "बाबा, डबा कुठंय? आज पुसायचा राहिला."

"पुसायचा?"

"आत तो ओला स्पंज असतो ना. बुरशी धरेल म्हणून महिनाभर रोज रात्री मी पिळून ठेवते आणि डबा हीटरजवळ सुकवते. सकाळी तुम्ही उठायच्या आत जागेवर."

काका खुर्चीत बसले. तो स्पंज त्यांनी मुद्दाम ओला ठेवला होता, पत्त्या कोरड्या पडू नयेत म्हणून! रागवावं की देवाला हात जोडावेत? डोकं ठिकाणावर होतं, हे तर पक्कं झालं. "अगं," एवढंच म्हणून ते थांबले. ती घाबरलेली पाहून म्हणाले, "चहा टाक."

दुसऱ्या दिवशी डबा परत आणायला ते गेले आणि सगळी हकिकत सांगून टाकली. बँडप्रमुख हसले नाहीत. भुवया उंचावून म्हणाले, "पण काका, गेल्या रविवारचा कार्यक्रम? इतकं मोकळं, खणखणीत आपण वर्षभरात वाजवलं नव्हतं. सगळे विचारत होते."

"त्या पत्त्या सुकलेल्या होत्या."

"तेच म्हणतोय मी."

काकांनी डबा उघडला, स्पंज हातात घेतला आणि नळाखाली धरावा की नाही, हे न समजून तसेच उभे राहिले. मग अर्धाच भिजवला.