नवायआधीची चवळी

“नवी चवळी कोणी शिजवली?” गावच्या कारभाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा चार माणसं कुऱ्हाडी घेऊन आमच्या प्रार्थनेच्या झोपडीच्या खांबांपाशी उभी होती. गावात हगवण लागली होती, दोन म्हातारी माणसं गेली होती आणि आमच्या उकिरड्यावर चवळीच्या शेंगांची देठं सापडली होती. आमचे हे, म्हणजे पाळक, पूर आलेल्या नदीच्या पलीकडे अडकले होते. पाच वर्षांची मेरी तापाने फणफणलेली, माझ्या कडेवर होती. चवळी मी शिजवली होती. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. तेवढ्यात सोमी गर्दीतून पुढे आली. “मी शिजवली,” ती म्हणाली. “हिच्या चुलीवर. हिला काय कळतं?” कारभाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

ती सोमी दीड महिन्यापूर्वी गेली. नव्वदीला आली असेल, तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. तिला पुरायच्या वेळी एक शिकलेला तरुण उपदेशक बोलायला उभा राहिला. सोमीबाई या डोंगरातल्या पहिल्या विश्वासणाऱ्या, एकदा त्या जुन्या रीतीपायी अडखळल्या, नव्या भाजीच्या प्रकरणात चुकल्या, पण प्रभूने त्यांना उठवलं, असं तो म्हणाला. लोकांनी माना हलवल्या. मी पुढच्याच बाकावर होते. मला ऐकू कमी येतं, पण तेवढं नेमकं ऐकू आलं. म्हणून हे लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा लिहिण्यात चूक असेल तर असो. यात जे सांगते आहे त्यात चूक नाही.

मला सोमी आवडत नव्हती. ती मेली म्हणून आता आवडायला लागली असंही नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. नंदुरबारला आमचं बरं चाललं होतं. दगडी चर्च, कौलारू घर, दारात विहीर, रविवारी धुतलेल्या कपड्यांतली मंडळी. पाळकाची बायको म्हणून मला पहिल्या बाकावर जागा होती. एका संध्याकाळी हे जेवता जेवता म्हणाले, नवापूरच्या डोंगरात कोणी जात नाही, आपण जाऊ, नवी मंडळी उभी करू. मी हसले. मग कळलं की राजीनामा देऊन झालाय. “देवनं बलावणं शे, मी जाई ऱ्हायनू. तुले येवानं व्हई ते ये,” असं आमच्या अहिराणीत म्हणाले. मी म्हटलं, “देव तुमले बोलना, मले नही बोलना.” विसरवाडीपर्यंत बैलगाडी, पुढे पायवाट. मेरी यांच्या खांद्यावर, माझ्या डोक्यावर पितळी भांडी. ती भांडी पाहायला सारं गाव जमलं होतं.

त्या गावात ख्रिस्ती घर एकच, सोमीचं. नवरा मेलेला, सात वर्षांची मुलगी चंदरी. यांना तिथली बोली येत नव्हती, लोकांना मराठी कळत नव्हती. हे एक वाक्य बोलायचे आणि सोमी ते उभं राहून तिच्या बोलीत सांगायची. यांचं वाक्य एक असलं तर हिची चार व्हायची आणि लोक हिच्या वाक्यांना हसायचे, रडायचे. आम्ही ओल्या जमिनीत खांब उभे केले, गवत शाकारलं, आणि लोक त्या झोपडीला काय म्हणू लागले? सोमीचं घर. दुपारी हे तिच्या अंगणात बसून बोली शिकायचे. एकेक शब्द चुकायचे, ती तोंडावर पदर धरून हसायची, हेही हसायचे. माझ्यासमोर हे इतके कधी हसले नव्हते. मी यांना अहो म्हणायची. ती म्हणायची, “ए पाळक, तू इकडे बस.” तिकडे सगळे सगळ्यांना तूच म्हणतात, हे मला पुढे कळलं, पण तेव्हा ते माझ्या कानात काट्यासारखं रुतायचं. मेरीसुद्धा उठल्यापासून तिच्याकडे. भरवायला बसवलं तर म्हणायची, सोमीच्या हातची भाकर दे... या दोघांत तसलं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आता चवळीचं. डोंगरात रीत अशी, की पावसाळ्यात नवी भाजी आली, नवं धान्य आलं, तरी गावाची नवाय, म्हणजे नव्या पिकाची पूजा, झाल्याशिवाय ते चुलीवर चढवायचं नाही. आधी देवाला, मग माणसाला. कोणी आधी खाल्लं तर साऱ्या गावावर रोगराई येते, असं ते मानत. झोपडीसाठी जागा देताना कारभाऱ्याने यांच्याकडून शब्द घेतला होता: तुम्ही आमचा देव मानू नका, पण नवायआधी खाऊ नका. यांनी शब्द दिला. पंधरा दिवस उशिरा खाल्लं तर पाप लागत नाही, असं त्यांचं मत. हे मला सांगायला मात्र ते विसरले. मला रोज एकच सांगायचे, काही अडलं तर सोमीला विचारत जा. मी सोमीला काहीही विचारणार नव्हते. मीठ संपलं तरी नाही.

झोपडीच्या कुडावर चवळीचा वेल चढला होता. कोवळ्या शेंगा लागल्या तशा मी तोडल्या, लसूण-मिरची घालून परतल्या. हे दुसऱ्या गावी निघाले होते, त्यांना पोटभर वाढलं. “आज भाजी झकास झाली,” असं म्हणाले. नव्या भाजीचं त्यांच्याही ध्यानात आलं नाही, डोक्यात पुढचं गाव होतं. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि यांनी स्वयंपाक नावाजल्याची ती दुसरी वेळ. त्यानंतर नदीला पूर आला, गावात हगवण पसरली आणि कारभारी माणसं घेऊन दारात आला.

सोमीने ‘मी’ म्हटलं आणि कुऱ्हाडी खाली आल्या. ती गावची लेक होती, म्हणून झोपडी पाडण्याऐवजी तिला वाळीत टाकलं. नवाय होईपर्यंत गावच्या झऱ्यावर पाणी भरायचं नाही, कोणी तिला द्यायचं नाही. तिने ओढ्याचं गढूळ पाणी भरायला सुरुवात केली. आमच्या घरी झऱ्याचे दोन हंडे भरलेले असायचे. तिचं दार माझ्या दारापासून हाकेवर. मी पाणी दिलं नाही. कारभाऱ्याची भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं हे, की माझं पापसुद्धा तिनेच नेलं होतं आणि त्याचा मला राग होता. ‘हिला काय कळतं’ हे डोक्यातून जात नव्हतं.

पाचव्या दिवशी चंदरीला जुलाब लागले. मेरी रडून म्हणायची, सोमीकडे ने. मी तिला धरून ठेवली... आठव्या दिवशी पूर ओसरला, हे परत आले, पण तोवर आम्ही चंदरीला माती देऊन मोकळे झालो होतो. गावात जे कानावर आलं ते खरं मानून, आपण काय खाल्लं होतं हे न आठवता, यांनी त्या लहानशा ढिगापाशी हात जोडले आणि प्रार्थना केली, की प्रभू, या बाईची चूक तिच्याकडे मोजू नकोस. सोमीने मान वर केली नाही. मी “आमेन” म्हटलं.

पुढे ती मंडळी वाढली. आज पक्की इमारत आहे, दोनशे माणसं बसतात. सोमी आणि मी त्याच गावात साठ वर्षं शेजारी राहिलो. हे वारले ते खरं न कळताच. त्यानंतर एकदा, आम्ही दोघीच शेंगा निवडत बसलो असताना, मी तिला विचारलं, तू का बोललीस? तिने शेंग मोडली आणि म्हणाली, “तुला गाव ओळखत नव्हतं. तुला हाकललं असतं, पाळकालाबी. मला कुठं हाकलतील?” मग पुढची शेंग उचलत, माझ्याकडे न बघता, “मी आधी थांबली होती. कारभारीने तीनदा विचारलं. तू बोलशील म्हणून थांबली.”

त्या उपदेशकाला मी परवा बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, आजी, आता इतक्या वर्षांनी कशाला? मी म्हटलं, बाबा, तू दोनशे माणसांपुढे बोललास, म्हणून. तो पुढच्या रविवारी बोलतो म्हणाला. बोलला नाही.

तेव्हा मीच सांगते. चवळी मी शिजवली. त्या पावसाळ्यात दोन घरांतल्या दोन मुली आजारी पडल्या. माझी वाचली.