रेडिओचा डावा हात

बाजाराच्या टोकाला मटणाचं दुकान होतं आणि तिथल्या खाटकाला सगळे रेडिओ म्हणत. सुरा चालू झाला की त्याचं तोंडही चालू होई. मग गिऱ्हाइकाच्या जावयापासून सरकारपर्यंत कुणाचीच खैर नसे. ऐकणारे त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहत. खरं काम डावा करायचा. डाव्याचा अंगठा मांसात खोल शिरून सांधा चाचपायचा, तो सापडला की सुरा नेमका तिथं उतरायचा. बापानं शिकवलेली रीत ती. सुऱ्याची धार हाडाला कधी लागत नसे.

त्याला फिट यायच्या. पुढं त्या इतक्या वाढल्या की एकदा तो सुऱ्यासकट कोसळला आणि स्वतःचाच गाल दातांपर्यंत फाडून बसला. औषधांनी हात टेकले, तेव्हा मोठ्या इस्पितळात त्याची कवटी उघडली.

"मेंदूचे दोन भाग असतात," डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला समजावलं. "फिट एकातून दुसऱ्यात पसरते, म्हणून मधला पूल कापलाय. डावा भाग बोलतो आणि उजवा हात चालवतो. उजवा भाग मुका म्हणा, पण आकार, स्पर्श, चेहरे त्याला फार चांगले कळतात. डावा हात त्याच्या ताब्यात."

"म्हणजे एका घरात दोन भाऊ, आणि बोलणं बंद."

"अगदी तसंच."

बाईंनी रेडिओला डोळे मिटायला लावले आणि त्याच्या डाव्या हातात किल्ली ठेवली. "काय आहे हे?"

"कंगवा," त्यानं ठणकावून सांगितलं. हात मात्र हवेत कुलूप उघडत होता.

फिट थांबल्या. घरी आल्यावर उजवा हात शर्टाची बटणं लावी आणि डावा ती सोडी, तेव्हा बायको पोट धरून हसली. मग एक दिवस डाव्यानं भरलेलं ताट भिंतीवर भिरकावलं आणि तिचं हसू विरलं.

"मीठ जास्त होतं," रेडिओ म्हणाला. मीठ बरोबर होतं. पण 'मला माहीत नाही' म्हणणं त्या तोंडाला जन्मात जमलं नव्हतं.

दुकान तोवर धाकटा भाऊ बघत होता. तो घरी येऊन म्हणाला, "दादा, तू आता नुसता गल्ल्यावर बस. मांस तोडायचा ओंडका माझा."

डावा हात सुटला तो थेट धाकट्याच्या गळ्यावर. आयुष्यभर अख्खी बकरी उचललेली पकड ती. धाकट्याचे डोळे बाहेर आले, ओठ निळे पडले. रेडिओ स्वतःच्याच उजव्या हातानं ती बोटं उपसत होता. शेवटी बायकोनं लोखंडी पळी मनगटावर दणादण हाणली, तेव्हा पकड सुटली.

"कॉलर नीट करत होतो त्याची," रेडिओ घामाघूम होऊन म्हणाला.

"कॉलर? जीव घेत होतास माझा!" धाकटा खोकत ओरडला. "उद्या माझ्यासमोर बकऱ्याची एक मांडी सांध्यातून सोडवून दाखव. नाही जमली तर दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे."

रेडिओला रात्रभर झोप लागली नाही. ओंडक्यामागं उभं राहता आलं नाही, तर आपण म्हणजे नुसतं तोंड, हे त्याला कळत होतं.

सकाळी तो बडबडतच दुकानात शिरला, मागोमाग बायको आणि धाकटा. डाव्याचा अंगठा मांसात गेला, फिरला आणि थांबला. सांधा सापडला होता. बायकोनं ते पाहिलं. पण मधला पूलच नव्हता, ती खबर उजव्या हातापर्यंत पोचलीच नाही. सुरा हाडावर आदळला, घसरला आणि डावा तळवा चिरत गेला. रक्तानं माखलेल्या डाव्यानं मांडी जमिनीवर आपटली आणि उजव्याचं मनगट धरलं. उजव्यानं तो हात ओंडक्यावर ठेचला, एकदा, दोनदा. कातडी सोलली. एकाच माणसाचे दोन हात कुत्र्यांसारखे जुंपले होते.

"वैरी आहे हा माझा!" रेडिओ किंचाळला. "आज याचा निकालच लावतो." डावा हात छातीच्या भारानं ओंडक्यावर दाबून त्यानं सत्तूर उचलला.

"अहो, नका!" बायकोनं धावत येऊन आपला पंजा त्या हातावर पालथा घातला.

सत्तूर खाली यायला निघाला होता. डावा हात उसळला, त्यानं तिचा पंजा जोरात बाजूला ढकलला आणि तो स्वतः तिथंच राहिला.

ओंडक्यावर दोन बोटं पडली. तिची सगळी शाबूत होती.

रेडिओचं तोंड उघडलं. कॉलर आली नाही, मीठ आलं नाही. तो म्हणाला, "मी मारलं. त्यानं तुला वाचवलं."

धाकट्यानंच आपला शर्ट काढून जखम बांधली आणि त्याला इस्पितळात नेलं. बोटं जुळली नाहीत.

जखम भरल्यावर धाकट्यानं किल्ल्या मागितल्या. "जमलं नाही ना, दादा?"

"भाऊजी, मांडी आणा," वहिनी म्हणाली.

ती ओंडक्यापाशी उभी राहिली. इतकी वर्षं बघून रीत तिला पाठ होती. तिचा अंगठा मांसात शिरला, फिरला, थांबला. "इथं," ती म्हणाली. रेडिओच्या उजव्या हातातला सुरा तिथंच उतरला आणि मांडी अलगद सुटली. धाकट्यानं ती उलटून पाहिली, हाडावर ओरखडा शोधला. मग किल्ल्यांचं नाव न काढता तो सत्तूर घासायला बसला.

रिकामा राहिला तर डावा हात अजूनही उच्छाद मांडतो, म्हणून काम करताना तो बायकोच्या एप्रनची कड धरून असतो, तीन बोटांनी, घट्ट.

"काय रेडिओ, आवाज बंद?" गिऱ्हाइकं छेडतात.

"थांबा हो," तो म्हणतो, "ती सांगतेय."